वाघळांसाठी रुसलेला जावई

जावई सासुरवाडीला आला की आधी सासूच्या पाया पडतो. आमचे दाजी आधी चिंचेकडं बघायचे. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात वाघळांना एवढा भिणारा आणि वाघळांवर एवढा जीव टाकणारा दुसरा माणूस झाला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ते वाघळांतले विषाणू शोधत. आणि नशीब बघा, गोरेगावात आमच्याच परसातल्या चिंचेवर पिढ्यान्‌पिढ्या वाघळं लटकलेली. ताईला बघायला आले तेव्हाही पोह्यांची बशी हातात धरून हे खिडकीबाहेर बघत होते. "मला पसंत केलं का चिंचेला, हे अजून कळलं न्हाई," ताई म्हणते.

दर उन्हाळ्यात ते जाळी, बांबू घेऊन यायचे. भर मे महिन्यात गळ्यापासून टाचेपर्यंत बंद अंगरखा, तोंडाला फडकं, हातात कोपरापर्यंत मोजे. गावची कुत्री भुंकून भुंकून दमायची. तिन्हीसांजेला वाघूळ जाळीत सापडलं की त्याच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवायचे आणि सोडताना अदबीनं "सॉरी हं" म्हणायचे. ताईला असं म्हटल्याचं आमच्या ऐकण्यात नाही. मग हात धुणं सुरू. "एका जावयापायी साबनाची वडी पुरना," आई कुरकुरायची.

आता आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक की वाघळानं टोकरलेला पेरू सर्वांत गोड. म्हणून आईनं जावयाच्या मानाचा, मुद्दाम निवडून, तसलाच पेरू कापून पुढं ठेवला. दाजी सरळ पाटावरून उठले आणि सगळ्या गल्लीला ओट्यावर बसवून घेतलं. वाघळाच्या लाळेत विषाणू असू शकतो, तो माणसाच्या मेंदूत जातो, आपल्याकडच्या वाघळांत अजून सापडलेला नाही, पण उष्टं फळ खाऊ नका, असं घसा बसेपर्यंत सांगितलं. गल्लीनं त्यातलं अर्धंच ऐकलं.

पुढच्या साली कुठल्या तरी लांबच्या मुलुखात वाघळांपासून आलेल्या तापाची बातमी पेपरात आली आणि शेजारच्या कौसाबाई नातवाला काखेत मारून, दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब घेऊन चिंचेखाली हजर. मागं सारी गल्ली. दाजी हात पसरून चिंचेला आडवे झाले. "अहो, भेदरून पांगली तर रोग जास्तच पसरेल. वर आहेत तोवर कुणाला धोका नाही," ते परोपरीनं सांगत होते.

"तुमीच म्हनले ना रोग हाय? मंग आता काहून अडवून राहिले?" कौसाबाईंनी विचारलं.

पुण्याचं सगळं शास्त्र तिथं संपलं. दाजी ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "मी जेवणार नाही."

घरात पुरणपोळ्या झालेल्या. गावचा जावई रुसला ही बातमी बाजारापर्यंत गेली. आईनं विनवलं, ताईनं डोळे वटारले; दाजी ढिम्म. दिवस कलल्यावर कौसाबाईच आल्या. "जावई उपाशी गेला तर गावाला तोंड दाखवाया जागा न्हाई. ऱ्हाऊ द्या तुमची वाघळं. पन दरसाल सोता येऊन तपासायचं. ज्या साली न्हाई आले, त्या साली बॉम्ब." त्यानंतर दाजी असे जेवले की आईला पुन्हा कणीक भिजवावी लागली.

शब्दाला पक्का माणूस. प्रयोगशाळेचं काम संपलं, नोकरी संपली, तरी पदरचं तिकीट काढून, नुसती दुर्बीण घेऊन ते येत राहिले. मग एका हिवाळ्यात त्यांची एक बाजू लुळी पडली. उन्हाळा आला तसे त्यांचे रोज फोन. "कौसाबाईंना थांबायला सांग रे. जरा चालता आलं की निघतोच."

मला ऐकवेना. मी मोबाइल नेऊन कौसाबाईंच्याच कानाला लावला.

"जावईबापू," त्या पुण्याला थेट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमी पाय सांभाळा. उष्टं फळ आता आमी बकरीलाबी देत न्हाई, अन् वाघळाला कोनी खडाबी मारत न्हाई. तुमी न्हाई आले तरी चालतंय."

केवढा आनंद व्हायला हवा होता त्यांना. मी फोन परत माझ्या कानाला लावला.

"चालतंय म्हणाल्या?"

"हो, दाजी."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि मग हळूच, "आता मी कशाला येऊ रे तिकडं?"

"जेवायला या, दाजी," एवढंच मला सुचलं.