फुंकर घातलेलं पाणी

"घरच्यांना सांगून उपयोग नाही, त्यांना यातलं काही कळणार नाही," डॉक्टर सिस्टरला इंग्रजीत म्हणाले, "पण सोडियम आज आणखी उतरलंय. असंच उतरत राहिलं तर झटके येतील. मग मेंदूचं काही सांगता येणार नाही."

मी अब्बांच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते. ओढणी डोक्यावरून घेतलेली, नजर फरशीकडे. मला इंग्रजी येत असेल असं माझ्याकडे बघून कोणाला वाटलं नसतं, आणि कोणाला ते कळावं असं मलाही वाटत नव्हतं. पाचगणीच्या शाळेत, वसतिगृहात राहून मी शिकले. तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही एक सवय पक्की झाली होती. फुफू, म्हणजे माझी आत्या, चारचौघांत म्हणायची, "भावानं एवढी हौसेनं इंग्रजी शाळेत घातली, अन् त्यांनी पोरगी तोंड शिवून परत दिली."

सोडियम हा शब्द मला शाळेपासून माहीत होता. प्रयोगशाळेत बाईंनी त्याचा बारीक तुकडा पाण्यात टाकला होता, तो तडतडत पाण्यावर पळाला होता आणि आम्ही सगळ्या मुली मागे सरकलो होतो. मिठात असतं तेच ते. अब्बांच्या रक्तातलं मीठ पातळ होत चाललं होतं.

"बाटल्या मी स्वतः तपासल्या," डॉक्टर पुढे म्हणाले. "पोटात जातं तेवढं बाहेर येतंय. तोंडानं अगदी थोडं देतोय. मग हे जास्तीचं पाणी येतंय कुठून?"

मी खाटेखाली बघितलं नाही. पण तिथे काय आहे ते मला माहीत होतं.

कोयनेच्या भूकंपानंतरचा तो पहिला उन्हाळा. अब्बा साताऱ्यात गूळ-हळदीचा व्यापार करायचे, सांगलीच्या पेठेत त्यांचं नेहमी जाणं-येणं असायचं. तशाच एका फेरीहून परत आले आणि उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. साताऱ्याच्या आमच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि बजावलं, "अंगातलं पाणी गेलंय. पाजत राहा. लघवी सुटली की जिंकलं." आम्ही पाजत राहिलो. जुलाब थांबले, लघवी मात्र सुटली नाही. तोंड सुजलं, अंगाला वेगळाच वास यायला लागला. तेव्हा त्यांना सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. अम्मीला धाकट्यांपाशी साताऱ्यातच थांबावं लागलं. अब्बांबरोबर मी आले आणि लोणंदजवळच्या खेड्यात दिलेली अब्बांची थोरली बहीण, माझी फुफू, आली.

रक्त धुण्याचं यंत्र तेव्हा मुंबईत असतं असं नुसतं ऐकलं होतं. इथे पोटाला बेंबीखाली छोटं भोक पाडून नळी घातली होती. सिस्टर मोठ्या काचेच्या बाटल्या आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायची, मग दांडीला टांगायची. ते पाणी पोटात उतरायचं, थोडा वेळ आत राहायचं आणि पिवळट होऊन खालच्या भांड्यात यायचं. ह्याला डायलिसिस म्हणतात, मूत्रपिंडं पुन्हा चालू होईपर्यंत तेवढा काळ निभावून न्यायचा, असं डॉक्टरांनी फुफूला मराठीत समजावलं होतं. आणि बजावलं होतं की तोंडानं पाणी अगदी मोजकं, सिस्टर देईल त्या पेल्यातलंच. फार तहान लागली तर ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे.

फुफूनं ते पाळलं. पेल्यात थेंबभर जास्त घेतलं नाही. फडकं ओलं करून ती इतक्या हळुवार ओठ पुसायची की अब्बा डोळे मिटून घ्यायचे. पण खाटेखाली तिच्या पिशवीत एक बाटली होती, आणि त्या बाटलीतलं पाणी तिच्या लेखी पाणी नव्हतंच.

रोज दुपारच्या नमाजानंतर ती दवाखान्याजवळच्या मशिदीच्या दारापाशी भांडं घेऊन उभी राहायची. नमाज पढून बाहेर पडणारे लोक थांबायचे, दुवा पुटपुटत भांड्यातल्या पाण्यावर फुंकर घालायचे आणि चपला घालून आपल्या वाटेनं जायचे. त्या रांगेत हिंदू बायकासुद्धा पोरं कडेवर घेऊन उभ्या असायच्या. लहानपणी ताप आला की मीही ते पाणी प्यायले होते. साताऱ्याहून कोणी भेटायला आलं की त्याच्या हातातही अशीच एक बाटली असायची. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीतली, दर्ग्यातली, कोणाच्या तरी आजोळच्या गावची. प्रत्येकाचं मन राखायला फुफू प्रत्येक बाटलीतलं थोडं थोडं अब्बांना पाजायची. "एवढ्या लोकांची फुंकर हाय. एकाची तरी लागंल."

पलीकडच्या खाटेवरच्या माणसाची बायको एकदा म्हणाली, "आक्का, आमच्या मालकांच्या तोंडात बी घाला की एक चमचा."

"घे की बाई. दुवा काय जात इचारती व्हय?" म्हणत फुफूनं अर्धी वाटी तिला देऊन टाकली.

डॉक्टरांचं ते इंग्रजी बोलणं ऐकल्यापासून मला त्या बाटल्यांकडे बघवेना. अब्बा बदलत चालले होते, ते सगळ्यांना दिसत होतं. सकाळी त्यांनी मला विचारलं, "ढेपा उतरवल्या का?" लगेच चिडून म्हणाले, "ट्रक उभाय बाहेर, भिजतील सगळ्या." बाहेर कडक ऊन होतं. मग ते छताकडे बघत हसले. अब्बा तसे हसत नसत. त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर आपोआप उडत होती.

"घसा सुकलाय म्हणून बरळतोय," फुफू म्हणाली आणि पिशवीत हात घातला.

मी "फुफू" एवढंच म्हणाले.

"काय?"

काय सांगणार होते? की अल्लाचं नाव घेऊन फुंकलेल्या पाण्यानं तुझा भाऊ मरतोय? तिची मोठी मुलगी तापात गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी घालायला कोणी जवळ नव्हतं. फुफू ते कधी विसरली नव्हती. कोणीही आजारी पडलं की तिचा हात आधी पाण्याकडे जायचा. आणि समजा मी अडवलं आणि अब्बा त्याच दुपारी गेले तर? तहानलेले गेले, मुलीनं घोटभर पाणी द्यायचं नाही म्हटलं, हे मला जन्मभर वागवावं लागलं असतं. न अडवता गेले तर कोणालाच काही कळलं नसतं. मला सोडून.

"बोल की. का इंग्रजीत इचार करतीस?"

मी मान हलवली. तिनं त्यांना पाजलं. अब्बांनी ते अधाशीपणानं घेतलं. चमच्यांवर भागेना, तेव्हा तिनं वाटीच तोंडाला लावली.

तिसऱ्या प्रहरी झटका आला. आधी ओठाचा एक कोपरा ओढला गेला, मग हात, मग सगळं अंग खाटेवर आपटायला लागलं. पोटातली नळी ताणली गेली. सिस्टरनं ओरडून डॉक्टरांना बोलावलं, आणि पलीकडची बाई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. मी अब्बांचे पाय धरून ठेवले होते. ते पाय सुजलेले आणि गार होते, आणि त्यांतला जोर अब्बांचा नव्हता.

इंजेक्शननं अंग शांत झालं. अब्बा घोरू लागले. डॉक्टरांचा चेहरा घामानं भिजला होता. ते इंग्रजीत सिस्टरला म्हणाले, "जास्त मिठाचं सलाईन काढून ठेव. थोडं थोडं, अगदी सावकाश द्यावं लागेल. लघवी बंद आहे, फुप्फुसात पाणी भरायला वेळ लागणार नाही. आणि ते जास्तीचं पाणी कुठून येतंय हे कळलं नाही तर हे देऊनही काही खरं नाही." मग फुफूकडे वळून त्यांनी मराठीत विचारलं, "मावशी, खरं सांगा. पेल्याशिवाय आणखी पाणी दिलंत का?"

"न्हाई वं डाक्टर." फुफूचा आवाज रडवेला होता. "तुमी सांगितलं तेवढंच. अल्लाची शपथ, थेंब जास्त न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. ह्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. डॉक्टर विचारत होते ते पाणी तिनं खरंच दिलं नव्हतं. ते कितीही वेळा विचारतील आणि ती प्रत्येक वेळी खरं तेच सांगेल.

डॉक्टर नळी बघायला वाकले. फुफूनं डोळे पुसले, पिशवीतून बाटली काढली, वाटी भरली आणि ओठ हलवत त्यात फुंकर घातली. दुसरा हात तिनं अब्बांच्या मानेखाली घातला.

माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्य तयार होतं, अगदी शाळेतल्यासारखं, व्याकरणासकट. ते बोलले असते तर डॉक्टरांना सगळं कळलं असतं आणि फुफूला काहीच नाही. तिच्याच समोर, तिला न कळणाऱ्या भाषेत मी तिची चुगली केली असती. वाटी अब्बांच्या ओठांशी पोचली होती. मी उठले आणि फुफूचं मनगट धरलं. थोडं पाणी माझ्या हातावर सांडलं. डॉक्टरांनी वर बघितलं. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "फुफू, हेही पाणीच आहे गं. सकाळपासून तू अब्बांना तीन वाट्या पाजल्यास. आता फुंकर त्यांच्या कपाळावर घाल, पाण्यावर नको."