तानूबाईची कोकरं

सांगवीच्या एका वस्तीवर रेशमाच्या पाखराला कोकरू म्हणतात. परका माणूस ऐकून हसतो. हसू दे बापड्याला. शिकलेले त्याला पतंग म्हणतात, पण पतंगानं उडायला नको का? हे पांढरं, केसाळ, पंख असून जागच्या जागी थरथरतं. नुकतं जन्मलेलं कोकरूच.

हा शब्द आला तानूबाईच्या फजितीतून.

घरची मेंढरं कधीच गेली होती. सून मनिषाच्या हट्टापायी उसाचा तुकडा मोडून तुती लावली, किड्यांसाठी शेड बांधली. मनिषा बाळंतपणाला माहेरी गेली आणि नेमके तेव्हाच कोष तयार झाले. तानूबाईचा जन्म गेला मेंढरांमागं. लोकर थांबावं तितकी भरते, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून तिनं कोषही न काढता तसेच ठेवले. एका सकाळी बघते तर कोषाकोषाला भोक, आणि शेडभर पाखरंच पाखरं. फुटका कोष बाजारात कोण घेणार?

शेजारची भागूबाई दारातूनच म्हणाली, "वैनी, तुमच्या मेंढ्या व्याल्या जनू. कोकरं लई झाली."

गावाला तेवढंच पुरलं.

तानूबाईचा नवरा बिरदेव घुम्या. जेवता जेवता म्हणाला, "तुती काढतो. उसाचं बेणं सांगून आलोय."

"जत्रंपतूर थांबा."

"आता काय ऱ्हायलंय थांबायला?"

"लोकर हाय की."

तिनं फुटके कोष सोड्याच्या पाण्यात उकळले, वाळवले, पिंजले. लोकर कातायची चाती माळ्यावरून खाली आली. मेंढीची लोकर बोटाला धरून राहते, हे मेलं निसटायचं. सूत तुटलं की ती आधी त्याला शिव्या द्यायची, मग बोटं ओली करून पुन्हा धरायची. असं कातून झालेलं सूत तिनं घोंगड्या विणणाऱ्या सनगराकडं दिलं, आणि त्यानं पटका विणून दिला. सायीच्या रंगाचा.

जत्रेत बिरदेवानं तोच बांधला. माणसं हात लावून बघायला लागली. भागूबाईनं पटक्याचा शेव चिमटीत धरून विचारलं, "कशाचा वो ह्यो?"

"आमच्या कोकरांच्या लोकरीचा," बिरदेव सगळ्यांदेखत म्हणाला. "हिनं कातलीय."

तानूबाईनं पदर तोंडाला लावला. लाजून नव्हे, हसू दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी बेण्याचा ट्रॅक्टर आला, तो बिरदेवानं बांधावरूनच माघारी लावला. आता वस्तीवरच्या बायका विक्रीचे कोष वेळेत काढतात, पण एक सूपभर लोकरीसाठी मुद्दाम मागं ठेवतात. "कोकरं ठेवली का गं?" असं एकमेकींना विचारतात. वस्तीवर कुणीही हसत नाही.