शिफारशीखाली सही कोणाची?

"वकीलसाहेब, हा युक्तिवाद खरा आहे की नमुन्यादाखल?" मामलेदारांनी विचारले.

मी कागद परत घेऊन पाहिला. प्रत्येक पानावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, फिक्या करड्या इंग्रजी अक्षरांत छापले होते: ट्रायल व्हर्जन.

डिचोलीला मुंडकार प्रकरणाची ती तारीख होती. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या संमतीने घर करून राहणारा. गोव्याचा कायदा त्याच्या घराला संरक्षण देतो. माझी पक्षकार सुशीला लाटंबार्सेच्या एका काजूबागेत राहत होती. लेखी युक्तिवाद देण्याची ती अखेरची संधी होती. तो दाखल झाला नाही, तर तिची बाजू विचारात न घेताच निर्णय होणार आणि घर बहुधा जाणार.

प्रतिपक्षाचे वकील उठले. "जो कागद स्वतःच ट्रायल असल्याचे सांगतो, तो रेकॉर्डवर कसा घ्यावा?"

सुशीला माझ्या कानाशी कुजबुजली, "वकीलबाब, म्हणजे माजें घर पण ट्रायलारच काय?"

मामलेदारांना हसू आवरले नाही. "जेवणाच्या सुट्टीपूर्वी स्वच्छ प्रत द्या."

व्हरांड्यातील बाकावर बसून मी आठ पाने हाताने लिहिली. शाई वाळावी म्हणून सुशीला पदराने वारा घालत होती. युक्तिवाद वेळेत दाखल झाला. त्यानंतर मी संतापण्यास मोकळा झालो.

मराठी टंकनाच्या एका ओपन सोर्स प्रकल्पात मी हौसेने काम करतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचावा, सुधारावा, विनामूल्य वापरावा. त्याची वापरपुस्तिका, म्हणजे डॉक्युमेंटेशन, सांगत होती: पीडीएफ करण्यासाठी अमुक सॉफ्टवेअर घ्यावे, ते उत्तम आहे. हे सॉफ्टवेअर आमचे नव्हे, परक्या कंपनीचे; युक्तिवादाची पीडीएफ मी त्यातच केली होती. फुकटची मुदत संपली की ते पानापानावर शिक्का उमटवी. तोही पडद्यावर नव्हे, छापताना.

त्याच दिवशी मी प्रकल्पाला नोटीसवजा पत्र धाडले. परक्या सॉफ्टवेअरची सर्व नावे पंधरा दिवसांत वगळावीत. जो शिफारस करतो, तो जामीन राहतो. कसूर झाल्यास पुढील पत्रे येतील.

पुस्तिका सांभाळणारी शिल्पा वास्कोला बंदरात नोकरी करते. तिचा फोन आला.

"काका, नोटीस पोचली. नावं काढते. पण मग लोकांनी पीडीएफ कशात करायची?"

"तो त्यांचा प्रश्न. कोणता वकील करावा, हे कायद्याचे पुस्तक सांगते काय?"

"नाही सांगत. म्हणून तर लोक कोर्टाच्या दारात भेटेल त्याला धरतात."

मी नोटिशीची स्थळप्रत पुढे ओढली.

"आणि काका, पुस्तिकेतलं ते ‘उत्तम आहे’चं वाक्य मराठीत आणलं कोणी?"

"मी."

"आधी एक पान छापून पाहिलं होतं?"

"मूळ इंग्रजीत उत्तम म्हटले होते."

"म्हणजे ऐकीव पुरावा!"

प्रतिज्ञापत्राच्या शेवटी सत्यापन असते. कोणता मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता इतरांकडून कळलेला, हे तेथे वेगळे सांगावे लागते. आयुष्यभर मी पक्षकारांना त्यावरून खडसावले आणि पुस्तिकेत मात्र न पाहिलेल्या वस्तूला उत्तम ठरवून मोकळा झालो.

मी नोटीस मागे घेतली आणि नियमाचा मसुदा केला. बाहेरचे सॉफ्टवेअर सुचवण्यास हरकत नाही. परंतु ते कोणी वापरून पाहिले, केव्हा पाहिले, आणि फुकटची मुदत संपल्यावर काय होते, हे नावानिशी खाली लिहावे. शिल्पाने तो तत्काळ मंजूर केला आणि स्वतःचे एक कलम जोडले: सत्यापन दर तीन महिन्यांनी नव्याने व्हावे, आणि ते काकांनी करावे. अपिलाची तरतूद तिने ठेवली नाही.

सुशीला मुंडकार ठरली, घर राहिले. आता लाटंबार्सेत कोणालाही वकील हवा असला की ती माझे नाव सांगते आणि वर जोडते, "वकील बरो. पण छापील कागद दिल्यान तर आदी नीट बघून घे."

आमच्या पुस्तिकेत याहून निर्दोष शिफारस अद्याप नाही.