फोन नळाजवळ धरा

तावडे मॅडम माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत, नळाच्या ठेवत. भांडुपच्या आमच्या वॉर्ड ऑफिसात त्या तक्रार विभागाच्या प्रमुख होत्या. पाण्याची तक्रार सुटली असा निरोप आला की त्या स्वतः तक्रारदाराला फोन लावत. "पाणी आलं का?" समोरचा "आलं" म्हणाला की ठरलेलं वाक्य येई, "फोन नळाजवळ धरा." धार ऐकू आली की गाणं ऐकल्यासारखी मान डोलवत आणि मगच तक्रार बंद करत. पहिल्या दिवशी हे पाहून मला वाटलं, आपली नेमणूक कुठे झाली रे देवा!

त्याच सुमारास कामगिरीला मार्क देण्याची नवी पद्धत आली होती. मुदतीत बंद झालेली तक्रार स्क्रीनवर हिरवी, राहिलेली लाल, आणि महिन्याच्या आढाव्यात सगळ्या वॉर्डांचे नंबर. शॉर्टकट शोधायला आम्हाला कितीसा वेळ लागणार? 'संबंधित खात्याकडे पाठवली' असं लिहायचं आणि तक्रार बंद करायची. आमची स्क्रीन कशी झकास हिरवीगार दिसायची.

मॅडम कपाळाला हात लावत. "अरे मेल्या, इथे हिरवं झालं म्हणून त्या बाईची कळशी भरली काय?" पण पद्धतीला कुणी नावं ठेवली तर त्यालाही ऐकवत. "पद्धत चांगली आहे. निदान वरून कुणीतरी विचारतंय. फक्त ज्याचं पाणी गेलंय त्याला कुणी विचारत नाय, एवढंच चुकलंय."

एकदा आढाव्याच्या आदल्या दिवशी डोंगरावरच्या वस्तीतल्या गायकवाड आजींची तक्रार बंद करायची होती. मॅडमनी फोन लावला. "आलं हो बाई, भरपूर आलं," आजी म्हणाल्या. नळाजवळ फोन धरायला सांगितल्यावर मात्र नुसती कावकाव ऐकू आली. मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "पाणी सोडणारा चावीवाला बोलला, आलं म्हणा, नायतर साहेबांचे मार्क जातात. आपल्यामुळं कुणाचं नुकसान कशाला?" मॅडमनी तक्रार लालच ठेवली.

वॉर्डाचे साहेब तणतणत आले. "तावडे मॅडम, उद्या आढावा आहे. तुमच्या या नळांपायी आपली वाट लागणार. असंच चाललं तर हा विभाग मला दुसऱ्याकडे द्यावा लागेल."

या विभागावर मॅडमचा किती जीव होता, ते आम्हाला माहीत होतं. मॅडमनी शांतपणे पुन्हा नंबर लावला आणि फोन साहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच ऐका ना साहेब. धार ऐकू आली तर तुम्ही स्वतः बंद करा."

साहेबांनी घसा खाकरला. "आजी, मी वॉर्डाचा साहेब बोलतोय. फोन जरा नळाजवळ धरा."

"साहेब, तुम्ही?" आजी गडबडल्या. "मग आलंय हो पाणी! तुमचे मार्क नका जाऊ देऊ!"

साहेबांनी तक्रार बंद न करताच फोन मॅडमना परत दिला. मग केबिनमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी आढाव्यात ती तक्रार लालच गेली, वॉर्डाचा नंबर घसरला, आणि साहेबांनी परत येताच पाणी खात्याला डोंगरावर पिटाळलं. पायथ्याचा व्हॉल्व्ह अर्धवट अडकलेला सापडला. विभाग मॅडमकडेच राहिला.

चार-दोन दिवसांनी मॅडमचा फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना, नुसता खळखळाट. मॅडमनी स्पीकर लावला. सगळं ऑफिस धार ऐकत होतं, साहेबही दारात येऊन उभे होते. अखेर आजींचा आवाज आला, "ऐकलं ना बाई? आता करा बंद."

मॅडम निवृत्त होऊन मुलुंडला राहायला गेल्या, त्यांच्या खुर्चीवर मी आलो. एवढा दरारा असलेली बाई नसताना फोन लावायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. तरी लावतो. मध्यंतरी मुलुंडच्या वॉर्डात माझी तात्पुरती बदली झाली आणि एका तक्रारीवर त्यांचंच नाव दिसलं. काम झाल्याचा निरोप आल्यावर फोन केला.

"मॅडम, पाणी आलं का?"

"आलं."

माझा धीर होईना. मॅडमना कसं सांगायचं?

"पुढचं विचार ना मेल्या!" त्या ओरडल्या.

"फोन नळाजवळ धरा."

धार ऐकू आली. डोळे भरून आले म्हणून मी ऐकतच राहिलो. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "पुरे आता. पाणी वाया जातंय."