भर दुपारचं घर बघणं

रस्त्यावरून वाचवून आणलेली कुत्री मी बारामतीत माझ्या घरी सांभाळते आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकते. पण ते घर बघायला मी जाते उन्हाळ्यात, भर दुपारी. सकाळी काय, सगळीच घरं गार असतात!

गेल्या वैशाखात निरवांगीच्या एका डाळिंबवाल्या तात्यांनी माझी तांबडी कुत्री मागितली. दोन महिने माझ्या स्वयंपाकघराच्या दारात झोपलेली ती. तिला घेऊनच गेले. तात्यांनी पत्र्याचं शेड दाखवलं.

"सावली हाय, पाणी हाय. आणखी काय पायजे?"

"तात्या, चपला काढा आणि हितं उभं ऱ्हावा."

"आक्का, मलाच बांधताय का काय!" म्हणून हसले, पण काढल्या. वर पत्रा तापलेला, खाली सिमेंटचा कोबा. क्षणात नाचायला लागले.

शेजारी त्यांची बाग, फळाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून पांढऱ्या कापडानं झाकलेली. मी म्हटलं, "डाळिंबाला पांघरूण आणि हिला तवा व्हय?" कुत्रीला परत गाडीत घातलं आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "आक्का, चिंचेखाली माती भिजवून जागा केलीय. बारा वाजता मी स्वतः बसून बघितलंय. आता तरी आणा."

नेली. मी काही बोलायच्या आत ती ओली माती उकरून पोट टेकून पसरलीसुद्धा. येताना गाडी रिकामी वाटली, पण मनाला घोर नव्हता.