एक पॉइंट दहा

"कॉन्व्हेंटची पोरगी शेजारी बसलेली, तिला तरी विचारायचं!"

पार्टिशनपलीकडून मालकांचा आवाज आला आणि माझे कान तापले. ते रागावले होते आमच्या सीनियर सरांवर, आणि मारायला काठी घेतली होती माझी.

"चुकलं, साहेब," सर म्हणाले. तेवढंच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सर मूळचे उमरीचे, आमच्या लातूरच्या ऑफिसात सगळ्यांत जुने. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला गिटमध्ये, म्हणजे कोड जपून ठेवणाऱ्या प्रणालीत, नंबराचा टॅग असतो. सर्व्हरवर आवृत्ती चढवण्याआधी सर टॅगांची यादी काढायचे आणि हजेरी घ्यावी तशी मोठ्याने वाचायचे. "एक पॉइंट सात... आठ... नऊ. खालचं ते नवं, म्याडम."

वर्ष दुष्काळाचं. कोणत्या गावाला पाणी न्यायचं, ते टँकरवाल्यांना आमच्या ॲपवर दिसायचं. चहाच्या टपरीवर नवा जिल्हा होणार की नाही, यावर भांडणं चालायची. सर म्हणायचे, "आपल्या ॲपमधी जिल्हा कराया एक ओळ लागती. सरकार अजून टायपिंगच करून राहिलंय!" मी हसायचे, बोलायचे मात्र नाही. माझं मराठी पुस्तकी. कुणी चिडवेल अशी भीती. सरांनी कधी चिडवलं नाही. टँकरवाल्याचा फोन आला की माझ्या हातातून हळूच घ्यायचे. "द्या इकडं. लई वरडतात ते."

एक पॉइंट दहा ही आवृत्ती नांदेडच्या सहकाऱ्याने परस्पर चढवली होती. तिच्यात एका वाडीचं नाव नव्याने घातलेलं. पुढे सर्व्हर बंद पडला. तो पुन्हा उभा करताना सरांनी नेहमीप्रमाणे यादी वाचली आणि तळाचा टॅग घेतला. पण गिट टॅगांची यादी लावतं अक्षरांच्या क्रमाने; दहातला पहिला एक बघून त्याला दोनच्याही आधी धरतं. एक पॉइंट दहा यादीत पार वर, एक पॉइंट एकच्या लगेच खाली जाऊन बसला होता. तळाशी होता एक पॉइंट नऊ. मी शेजारीच होते.

ॲपमधून वाडी गेली. टँकर तिला वळसा घालून पुढे गेला. बायका घागरी घेऊन उन्हात बसून राहिल्या.

बोलणी खाऊन सर मोटारसायकलवर वाडीला निघाले, माफी मागायला. तेवढ्यात मी नेटवर शोधून यादी आकड्यांच्या क्रमाने लावली आणि एक पॉइंट दहा ही आवृत्ती पुन्हा चढवली.

"बघा, पोरीला येतंय की!" मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "उद्यापासून रिलीज तूच करायचं. बस तिथं."

मी सरांच्या खुर्चीत बसले. माझा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.

दुपारी सर परतले. भुवयांवर धूळ. मला पाहून थबकले. हेल्मेट ते रोज त्याच टेबलावर ठेवायचे. आज तिथे माझा डबा होता. त्यांनी ते काखेत धरलं.

"बसा, बसा म्याडम. पोचला टँकर." आणि स्वतःसाठी स्टूल ओढलं.

मालक दारातच होते. मी उठून उभी राहिले.

"साहेब, सर यादी वाचत होते तेव्हा मी ऐकत होते. मलाही कळलं नव्हतं. मीसुद्धा तेच केलं असतं."