बॅकअप उघडून पाहिला तेव्हा

खून-दरोड्याची कितीतरी प्रकरणं विसरलो, पण हे एक आजही डोक्यातून जात नाही. तेव्हा मी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळच्या हजेरीलाच पाण्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेचे प्रमुख तक्रार घेऊन आले. वडगाव रासाईपासून खुटबावपर्यंतच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी कॉम्प्युटरवरून गेल्या होत्या. बॅकअपच्या डिस्कवर नावं दिसत, पण एकही फाइल उघडत नव्हती. संशय होता तो कंत्राट न वाढवलेल्या संशोधन सहायक मुलीवर. ‘बाई जायच्या आदी पेनड्राइव्ह लावत हुत्या,’ अशी खबर तिथल्याच शिपायानं दिली.

गुन्हा दाखल झाला. कारेगावात तिच्या खोलीवर पंचनामा करून लॅपटॉप जप्त केला. त्यात शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी निघाल्या. माझ्या दृष्टीनं प्रकरण तिथंच मिटलं.

महिला कॉन्स्टेबलसमोर तिला बसवलं. “या नोंदी तुझ्याकडं कशा?”

“माझंच काम हाय ते, साहेब. आठवडाभर विहिरी मोजायच्या आन् पेनड्राइव्हवर घेऊन रविवारी घरी आकडे भरायचे. पुसलं मी काहीच न्हाई.”

“सगळे असंच म्हणतात.”

“नवी नोकरी लागलीय, सोमवारी कंपनीच्या लॅबमधी हजर व्हायचंय. त्यांनी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितलाय. तो न्हाई मिळाला तर ते दुसऱ्याला घेतील.”

दाखला मी अडवला. रडणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, ही आमची जुनी सवय. ही रडली नाही, तर माझा संशय आणखी वाढला!

पुढं कागद गोळा करायला संस्थेत गेलो. प्रमुखांनी मोठ्या अभिमानानं संस्थेच्या मूल्यमापनाची फाइल पुढं केली. ‘माहितीचं जतन’ या रकान्यात दरवर्षी ‘समाधानकारक’ आणि खाली त्यांची सही.

“बॅकअप शेवटचा उघडून कधी पाहिला होता?” मी सहज विचारलं.

“उघडायचा कशाला? दर शनिवारी होतोच की.”

मुद्देमाल खोलीचा चार्ज घेताना नुसतं रजिस्टर वाचून आमचं भागत नाही, एकेक पुडकं हातात घेऊन पाहावं लागतं. म्हणून पंचांसमोर डिस्क लावायला सांगितली. सायबरच्या हवालदारानं पाच मिनिटांत मान हलवली.

“साहेब, डेस्कटॉपवरचे शॉर्टकटच कॉपी करत आलेत हे. म्हंजी दारावरची पाटी नेली, घर तिथंच ऱ्हायलं.”

त्यातले सर्वांत जुने शॉर्टकट तर ती मुलगी नोकरीला लागण्याआधीचे होते. ती गेल्यावर दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकनं कॉम्प्युटर फॉरमॅट करून सगळं पुसलं होतं, तेही प्रमुखांच्याच परवानगीनं; बॅकअप आहे या भरवशावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरही नव्हता.

गुन्हा चुकीच्या समजुतीतून दाखल झाल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. पण सोमवार केव्हाच उलटून गेला होता आणि कंपनीनं दुसऱ्याला घेतलं होतं. विहिरींच्या साऱ्या नोंदींपैकी आता फक्त तिच्या लॅपटॉपमधली दोन वर्षं शिल्लक होती. त्या नोंदींची प्रत मागायला प्रमुख स्वतः ठाण्यात येऊन बसले.

कोर्टाच्या हुकमानं लॅपटॉप परत देताना मी पावती पुढं सरकवली. कागद जाग्यावर असले की काम झालं, असं मी बरीच वर्षं मानत आलो होतो. तिनं पेन बाजूला ठेवलं.

“आधी एकेक फाइल उघडून बघते, साहेब. सही मग.”

अर्धा तास ती बघत होती. मला लाज वाटत होती. लवकर आटपा, असं तिला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.